वृद्धाश्रमात ठेवलं म्हणजे काम संपलं नाही, घरच्यांसाठी थोडं सविस्तर

आईला किंवा बाबांना केअर सेंटरमध्ये ठेवायचं ठरलं, फॉर्म भरून झाले, डिपॉझिट भरलं, कपाटात कपडे लावून दिले आणि आपण घरी आलो, की पुढचे काही दिवस घरात एकच चर्चा, लोक काय म्हणतील. नातेवाईकांना काय सांगायचं, शेजाऱ्यांनी विचारलं तर काय सांगायचं, मोठ्या काकांना आधी कळवायचं का नंतर. आणि ह्या सगळ्या गडबडीत ज्या माणसाला तिथे ठेवलंय त्याचा आजचा दिवस कसा गेला हे विचारायचंच राहून जातं. त्याहून वाईट म्हणजे लोकांच्या बोलण्याचं आणि स्वतःच्या मनातल्या टोचणीचं ओझं इतकं होतं की आपण तिथे जायचंच टाळायला लागतो, कारण गेलं की ते तोंड बघवत नाही.

माझे वडील अशा सेंटरमध्ये काही वर्षं होते. चांगलं आणि वाईट दोन्ही जवळून बघितलंय आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळलीये, की तिथल्या माणसाला कसं वागवलं जाईल हे फी किती आहे आणि रिसेप्शन किती चकाचक आहे ह्यावर फार कमी ठरतं. ते ठरतं ह्यावर की ह्या माणसाचं कोणीतरी आहे, ते येतं, विचारतं, लक्ष ठेवतं, हे तिथल्या सगळ्यांना माहिती आहे का. ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही त्याची हाक सगळ्यात शेवटी ऐकली जाते. ह्यात दरवेळी दुष्टपणा असतो असं नाही, एका मावशीकडे एवढी माणसं असतात की ती आधी कुठे जायचं हे नकळत ठरवतेच, आणि तुमचं काम एवढंच की त्या यादीत आपलं माणूस तळाला जाऊ द्यायचं नाही. ते कसं करायचं ते सांगते.

पहिले काही आठवडे

सगळ्यात आधी एक चुकीचा सल्ला डोक्यातून काढा. बऱ्याच ठिकाणी सांगतात की पहिले पंधरा दिवस येऊ नका, म्हणजे ते लवकर रुळतील. अहो, ज्या माणसाचं घर, खोली, उशी, बाथरूमचा रस्ता, रात्री उठल्यावर हाताला लागणारं बटण सगळं एका दिवसात बदललंय त्याला आपली माणसं पण दिसेनाशी झाली तर तो रुळत नाही, तो गप्प होतो. आणि गप्प झालेलं माणूस स्टाफला सोपं जातं म्हणून त्याला रुळला म्हणतात. ह्या दिवसात उलट जास्त जा, थोडा वेळ जा पण जा. रडतील, घरी ने म्हणतील, तुम्ही निघताना हात सोडणार नाहीत, हे सगळं होणार. तेव्हा "दोन दिवसांनी नेते हां" असं खोटं सांगू नका, ते दोन दिवस मोजत बसतात. "मी बुधवारी येणार आहे" असं सांगा आणि बुधवारी जा. कॅलेंडर लावता आलं तर भिंतीवर लावा आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहून या.

खोलीत त्यांच्या स्वतःच्या वस्तू हव्यात, नव्या कोऱ्या नकोत. जुनी चादर, वापरातलं घड्याळ, रेडिओ, फोटो. फोटो असे लावा की झोपल्यावर पलंगावरून दिसतील, आपण उभे राहून बघतो आणि भिंतीवर उंच लावतो आणि पडून राहणाऱ्या माणसाला नुसतं छत दिसतं. हे तपासायचा सोपा मार्ग म्हणजे स्वतः त्या पलंगावर दोन मिनिटं आडवं होऊन बघा. काय दिसतं, लाईट डोळ्यात जातो का, बेलची दोरी हाताला लागते का, पाण्याचा ग्लास पोचतो का. मी केलं होतं, आणि बेल पलंगाच्या मागे भिंतीवर लटकत होती, हात मागे वळवून पण लागत नव्हती. वडिलांचा एक खांदा उचलतच नव्हता. म्हणजे बेल होती, चालू पण होती, फक्त त्यांच्यासाठी नव्हती.

एक पान लिहून लावा

स्टाफच्या फाईलमध्ये तुमच्या आईची शुगर असते, बीपी असतं, ऑपरेशनं असतात. आई नसते. ती काय काम करायची, तिला काय म्हणून हाक मारलेली आवडते, कुठल्या बाजूला झोपते, आंघोळ सकाळी लागते का संध्याकाळी, कशाची भीती वाटते, रडायला लागली तर कुठला विषय काढला की शांत होते, कुठल्या कानाने बरं ऐकू येतं, हे सगळं एका पानावर मोठ्या अक्षरात लिहा आणि पलंगाजवळ लावा. दोन पानं नको, कोणी वाचत नाही. इंग्लंडमधले टॉम किटवूड नावाचे मानसशास्त्राचे अभ्यासक हेच सांगत राहिले, की डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू कमी होत जाण्याचा आजार, झालेल्या माणसाकडे बघताना आधी माणूस बघा मग आजार. ऐकायला सोपं वाटतं, पण नाईट ड्युटीला आलेल्या नव्या मुलाला समोरच्या म्हाताऱ्या माणसाबद्दल काहीच माहिती नसेल तर तो माणूस बघणार तरी कसा. ते पान त्याच्यासाठी आहे. वडिलांच्या पानावर वर लिहिलं होतं की हे सर्व्हेयर होते, नकाशे काढायचे, आणि त्यानंतर एक अटेंडंट रोज त्यांना विचारायचा, साहेब आज उत्तर कुठे. वडील हात करून दाखवायचे. एवढ्या एका प्रश्नाने तो त्यांचा माणूस झाला.

भेटायला कधी जायचं

ठरलेल्या वेळी जाल तर ठरवून ठेवलेलं दिसेल. केस विंचरलेले, चादर बदललेली, सगळे हसतमुख. ते पण जा, पण अधूनमधून न सांगता जा. जेवणाच्या वेळेला जा, संध्याकाळी दिवेलागणीला जा कारण डिमेन्शियाच्या बऱ्याच पेशंटची घालमेल त्याच वेळी वाढते, सुट्टीच्या दिवशी जा जेव्हा स्टाफ कमी असतो. जेवणाची वेळ सगळ्यात महत्त्वाची. भरवणारी व्यक्ती शेजारी बसून भरवतेय का उभ्याने घास कोंबतेय आणि मान मागे वळवून दुसऱ्याशी गप्पा मारतेय, पहिला घास गिळून होण्याआधी दुसरा चमचा तोंडाशी येतोय का, माणूस नीट उठून बसलाय का तिरका पडलाय, हे दहा मिनिटात दिसतं. तिरकं पडून खाल्लं की अन्न श्वासनलिकेत जायची भीती असते, आणि जेवल्यावरही साधारण अर्धा तास तरी बसलेलं राहायला हवं. ताट न संपवता उचललं जातंय का तेही बघा, "जेवत नाहीत हो ते" ह्याचा अर्थ कधीकधी फक्त एवढाच असतो की त्यांना जेवायला चाळीस मिनिटं लागतात आणि ताट वीस मिनिटांनी उचलतात.

किती वेळा जायचं ह्याचा नियम नाही. लांब राहणाऱ्याला रोज जमणार नाही, नोकरी आहे, मुलं आहेत. महिन्यातून एकदा चार तास बसण्यापेक्षा आठवड्यातून अर्धा तास बरा, असं माझं मत. आणि परदेशात किंवा लांबच्या शहरात असाल तर व्हिडिओ कॉल ठेवा, पण वेळ ठरवून, आणि फोन कोणीतरी हातात धरून ठेवणारं हवं नाहीतर अर्धा कॉल छत बघण्यात जातो. लांब राहून सुद्धा एक गोष्ट करता येते, सिस्टरला दर आठवड्याला एक ठराविक प्रश्न विचारा, "वजन किती आहे?" उगाच कशा आहेत विचारलं की बऱ्या आहेत असंच उत्तर येतं.

गेल्यावर काय बघायचं

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण हेच कोणी सांगत नाही.

वजनापासून सुरू करते. महिन्याभरात वजन पाच टक्के उतरलं, म्हणजे साठ किलोचं माणूस सत्तावन्नवर आलं, तर ती वयाची गोष्ट नाही, त्याची चौकशी व्हायलाच हवी. कवळी सैल झालीये का, गिळताना त्रास होतोय का, नवीन गोळीने भूक मेलीये का, का कोणी नीट भरवतच नाहीये. दर महिन्याच्या वजनाची नोंद मागा.

मग त्वचा. जास्त वेळ एकाच कुशीवर पडून राहिलं की माकडहाड, टाचा, कंबरेची हाडं, कोपर इथे जखमा होतात. स्वतःहून कूस बदलता येत नसेल तर साधारण दर दोन तासांनी बदलून द्यायची असते, काहींना त्याहून लवकर लागते. तुम्ही काय करायचं, पांघरूण बाजूला करून टाचा बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा, पांढरा होऊन परत लाल झाला तर ठीक, दाबूनही लालच राहिला तर जखमेची ती सुरुवात आहे, त्याच दिवशी सिस्टरला दाखवा. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, तिथे हात लावून बघा, आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा मऊ लागतंय का. लाज वाटते आई-बाबांचं अंग असं बघायला, मलाही वाटायची, पण पाठीवर आणि कमरेखाली काय चाललंय हे कोणीतरी घरचं बघणारं हवंच. मुलाला अवघड जात असेल तर बहिणीने बघावं, आईचं सुनेने बघावं, जो तो ठरवेल, पण बघा.

पाणी. म्हातारपणी तहानच कमी लागते, त्यात रात्री बाथरूमला उठायची भीती, त्यात कोणाला सारखं सारखं बाथरूमला न्या म्हणायचा संकोच, म्हणून माणसं मुद्दाम पाणी पीत नाहीत. ओठ सुकलेले, जीभ कोरडी, लघवी गडद, अशा वेळी स्टाफला सांगायचंच पण आपण असेपर्यंत स्वतः घोट घोट पाजायचं. आणि हे लक्षात ठेवा, काल नीट बोलणारं माणूस आज अचानक भलतंच बरळायला लागलं, ओळखेनासं झालं किंवा दिवसभर नुसतं झोपून आहे, तर "वय झालं आता" हे उत्तर ऐकून घेऊ नका. एक-दोन दिवसात झालेला असा बदल बहुतेक वेळा लघवीच्या इन्फेक्शनने, पाणी कमी झाल्याने, पोट न झाल्याने किंवा नव्या औषधाने होतो आणि वेळेत डॉक्टरने बघितलं तर बऱ्याचदा माणूस परत ताळ्यावर येतं. डिमेन्शिया असा रात्रीतून येत नाही.

चष्मा, कानाचं मशीन, कवळी. ह्या तीन गोष्टी हरवतात, एकमेकांच्या बदलतात आणि बहुतेक वेळा ड्रॉवरमध्ये पडून असतात. तिघांवर नाव घाला. कानाचं मशीन कानात असलं तरी बॅटरी संपलेली असते, आणि मग लोक म्हणतात आजोबा हल्ली बोलत नाहीत, कोणाशी मिसळत नाहीत, डिप्रेशन असेल. अरे त्यांना ऐकूच येत नाहीये. बॅटरी बदलायचा वार ठरवा, एका माणसाच्या नावावर ते काम लावा. तोंडही बघा, तोंड स्वच्छ नसेल तर न्यूमोनियाची शक्यता वाढते, म्हणून ब्रश करून देणं हे टापटिपीचं काम नाही, औषधाएवढंच गरजेचं आहे.

औषधांची यादी दर दोन-तीन महिन्यांनी मागून घ्या आणि एकेका गोळीपुढे विचारा ही कशासाठी, कोणी सुरू केली, बंद कधी करायची. म्हाताऱ्या माणसांना कुठली औषधं शक्यतो देऊ नयेत ह्याची पहिली नावाजलेली यादी 1991 मध्ये अमेरिकेत डॉक्टर मार्क बीअर्स यांनी केली, आणि ती मुळात नर्सिंग होममधल्या, म्हणजे तिकडच्या वृद्धांच्या केअर सेंटरमधल्या, पेशंटसाठीच केलेली होती, इतकं हे दुखणं जुनं आहे. झोपेच्या आणि शांत करायच्या गोळ्यांकडे खास लक्ष द्या. डिमेन्शियाच्या वयस्कर पेशंटना काही मानसिक आजारावरची औषधं दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो अशी सक्त ताकीद अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच दिली होती. कधी खरंच गरज असते, नाही असं नाही, पण माणूस आरडाओरडा करतो म्हणून गोळी, आणि गोळीने झोपाळलेला म्हणून पडला, आणि पडला म्हणून पलंगावर बांधला, ही साखळी सुरू व्हायच्या आधी विचारा की तो ओरडत का होता. दुखत असेल. डायपर ओलं असेल. शेजारच्याचा टीव्ही मोठ्याने चालू असेल.

नखं, अंगाचा वास, हातावरचे काळेनिळे डाग, अंगावर कोणाचे कपडे आहेत, हे तर येता जाता दिसतंच.

बोलायचं कसं

हा भाग मला सगळ्यात जास्त लागतो. ज्या बाईने तीस वर्षं शाळा चालवली तिला एक वीस वर्षांची मुलगी म्हणते "काय गं पिल्लू, आ कर बरं, शहाणी ना तू" आणि आम्ही घरचे बाजूला उभे राहून हसतो, किती प्रेमाने करते म्हणून. तिचं प्रेम खरं असेलही. पण 2009 मध्ये अमेरिकेत नर्सिंग होममधल्या डिमेन्शियाच्या पेशंटचे व्हिडिओ तपासून एक अभ्यास झाला, त्यात दिसलं की असं लहान बाळाशी बोलल्यासारखं बोललं की ते लोक जास्त विरोध करतात, हात झटकतात, ओरडतात, आणि मोठ्या माणसाशी बोलावं तसं नीट बोललं की तो विरोध कमी होतो. म्हणजे शब्द विसरले तरी अपमान कळतो. म्हणून स्टाफला पहिल्या दिवशीच नम्रपणे सांगा, "त्यांना अहो म्हणा, मॅडम म्हणा, बाई म्हणा." आणि आधी स्वतः पाळा. आपणच घरचे त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल तिसऱ्या माणसासारखं बोलतो, "हिला शी झाली का?", "हे काल झोपले का?" आणि ते समोर बसून ऐकत असतात. डॉक्टर तुमच्याकडे बघून विचारायला लागले की तुम्ही आईकडे वळून म्हणा, आई डॉक्टर विचारतायत. दोन वेळा केलं की डॉक्टर पण वळतात.

आठवण गेलेल्या माणसाची परीक्षा घेऊ नका. "ओळखलं का मी कोण? सांगा बरं?" ह्यात त्यांना फक्त हरायलाच मिळतं. आल्याआल्या स्वतःच सांगा, बाबा मी मधू, तुमची धाकटी. गेलेल्या माणसाला शोधत असतील, आई कुठे गेली विचारत असतील, तर दरवेळी ती वारली असं सांगून नव्याने रडवू नका, आईची आठवण येतेय का, काय करायची हो आजी, असं विचारा आणि बोलू द्या.

थोडं तरी त्यांच्या हातात राहू द्या

संस्थेत राहायचं म्हणजे उठायची वेळ दुसऱ्याची, खायची दुसऱ्याची, लाईट बंद दुसऱ्याच्या इच्छेने. ह्याने माणूस किती खचतो ह्यावर एक गाजलेला प्रयोग आहे, 1976 साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन ह्या दोघींनी कनेटिकटमधल्या एका नर्सिंग होममध्ये केलेला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं तुमच्या गोष्टी तुम्ही ठरवा, आणि एकेक रोप दिलं, ते तुम्हीच सांभाळायचं. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं सगळं आम्ही बघू, रोप पण दिलं पण पाणी नर्स घालणार. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त खुशीत, जास्त हालचाल करणारी आणि जास्त मिसळणारी दिसली. लहानसा प्रयोग होता, पण मला तो पटतो. मग 1991 मध्ये डॉक्टर बिल थॉमस यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका नर्सिंग होममध्ये थेट कुत्री, मांजरी, झाडं आणि शंभर पक्षी आणले, कारण त्यांचं म्हणणं होतं की इथल्या माणसांना मुख्य त्रास एकटेपणाचा, परावलंबी होण्याचा आणि कंटाळ्याचा आहे. आणि ह्या तिन्हीला गोळी नाही.

तुम्ही पक्षी आणू शकणार नाही, पण दोन शर्ट समोर धरून कुठला घालू विचारू शकता. घरातल्या गोष्टी त्यांना विचारू शकता, भाच्याचं लग्न जमतंय, काय वाटतं. घर विकायचं, भाड्याने द्यायचं तर सांगा, लपवू नका. सही चालतेय आणि समज शाबूत आहे तोवर पैशाचे आणि उपचाराचे कागद त्यांच्याशी बोलून करून ठेवा, शेवटी हॉस्पिटलमध्ये न्यायचं का, मशीनवर ठेवायचं का, ही गोष्ट अवघड आहे पण त्यांना विचारलेली असली तर नंतर भावंडांमध्ये भांडणं होत नाहीत. आणि काहीतरी काम द्या, कपड्यांच्या घड्या घालायचं असो, मुलांना गोष्ट रेकॉर्ड करून पाठवायचं असो. नुसतं घेत राहणं कोणालाच सहन होत नाही.

स्टाफ

मावशी, अटेंडंट, नाईटचा ब्रदर ह्यांची नावं माहिती करून घ्या. पगार कमी, कंबर मोडणारं काम, आणि घरचे लोक येऊन फक्त चुका काढणार. चांगलं केलेलं दिसलं की तिथल्या तिथे म्हणा आणि त्यांच्या वरिष्ठांसमोर पण म्हणा. पैसे हातात कोंबू नका, त्याने तुमच्या माणसाला आज बरं वागवतील आणि शेजारच्या कॉटवाल्याचं उद्या वाईट होईल, शिवाय पैसे द्यायचे बंद केले की काय. प्रश्न मालकाला विचारा, रात्री एका माणसाकडे किती जण असतात, माणसं टिकतात का दर दोन महिन्यांनी नवी येतात. जिथे स्टाफ टिकत नाही तिथे म्हाताऱ्यांचं भलं होत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

काही खटकलं तर

जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली एक माहिती वाचून मी हादरले होते, अशा संस्थांमधल्या दर तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी मागच्या वर्षभरात आपण कुठल्या ना कुठल्या प्रकारे वृद्धांशी वाईट वागलो असं स्वतःच कबूल केलंय. मारणंच असेल असं नाही, ओरडणं, बेलकडे दुर्लक्ष करणं, ओल्या कपड्यात ठेवणं, हेही त्यातच येतं. म्हणून "आमच्या इथे असं काही होत नाही" हे गृहीत धरायचं नाही, आणि प्रत्येकाला गुन्हेगार पण समजायचं नाही.

माणूस कोणा एका व्यक्तीला बघून आक्रसतो, अचानक बोलायचा बंद झाला, तुम्हाला एकटं भेटूच देत नाहीत, डाग कसा पडला विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो, वस्तू किंवा पैसे गायब होतायत, ही लक्षणं गांभीर्याने घ्या. आधी आपल्या माणसाला बाजूला नेऊन शांतपणे विचारा, "तू काही केलंस का" असं नाही, "काय झालं, मला सांग, मी तुझ्यावर भांडण येऊ देणार नाही" असं. कारण सांगितलं तर तुम्ही गेल्यावर आपल्यावर राग काढतील ही भीती प्रत्येकाला असते. मग वहीत लिहा, तारीख, वेळ, काय दिसलं, कोण ड्युटीवर होतं, फोटो काढा. तोंडी तक्रार हवेत विरते, लेखी द्या, पोच घ्या, काय करणार आणि कधीपर्यंत हे लेखी मागा. ऐकलं नाही तर जे सरकारी खातं अशा संस्थांना परवानगी देतं तिथे जा, आणि मारहाण किंवा लैंगिक छळाचा संशय असेल तर कोणाचीही वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर आणि पोलीस.

बांधून ठेवण्याबद्दल वेगळं लिहिते. पडू नयेत म्हणून खुर्चीला किंवा पलंगाला बांधतो असं सहज सांगतात. अमेरिकेने 1987 मध्ये कायदा करून नर्सिंग होममध्ये शिक्षा म्हणून किंवा स्टाफच्या सोयीसाठी बांधायला बंदी घातली. बांधलेल्या माणसाचे स्नायू जातात, जखमा होतात, सुटायच्या धडपडीत गळफास बसून माणसं गेलेली आहेत. त्यापेक्षा पलंग खाली घ्या, खाली गादी टाका, रात्री लाईट ठेवा, ठराविक वेळी बाथरूमला न्या कारण बरीचशी माणसं बाथरूमला जायलाच उठतात आणि पडतात. आणि चालताफिरता माणूस कधीतरी पडेल हे मान्य करा, घरी असता तरी पडला असता. घरच्यांनीच प्रत्येक पडण्यावर आकांत केला की संस्था बांधायला लागते.

भावंडं

एक जण जातो आणि बाकीचे सल्ले देतात, हे सगळीकडे आहे. ग्रुपवर भावनिक मेसेज टाकण्यापेक्षा कामं वाटा, एकाकडे पैसे आणि बिलं, एकाकडे डॉक्टर आणि औषधांची यादी, एकाकडे फोन. संस्थेशी बोलणारा माणूस मात्र एकच ठेवा. जो क्वचित येतो त्याने आल्याआल्या स्टाफवर ओरडू नये, त्याची किंमत नंतर आई मोजते. आणि नातेवाईक टोमणे मारतात त्यांना स्पष्टीकरण देत बसू नका, "रविवारी माझ्याबरोबर भेटायला चला" म्हणा. येतील ते तुमचे.

तुमचं कोणी तिथे नसेल तरी

वाढदिवसाला वृद्धाश्रमात जायचं, वाटप करायचं, फोटो काढायचे आणि टाकायचे, हे कृपा करून थांबवा. कोणी आजोबा झोपेतून उठवून बसवलेले, हातात पिशवी, समोर मोबाईल, आणि त्यांना विचारलेलं पण नसतं की फोटो काढू का. तुमच्या आईचा असा फोटो कोणी टाकला तर चालेल का. मदत करायची असेल तर आधी फोन करून मॅनेजरला विचारा की कोणाकडे वर्षभरात कोणीच आलेलं नाही. त्या एकाच माणसाकडे जा, दर आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वारी. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर शहरात एका वृद्धाश्रमाने कॉलेजच्या मुलांना फुकट खोल्या दिल्या, बदल्यात महिन्याला तीस तास शेजाऱ्यासारखं राहायचं. त्यात सेवाबिवा काही नाही, जेवताना बसायचं, कॉम्प्युटर शिकवायचा, गप्पा मारायच्या. तुम्हाला तीस तास जमणार नाहीत, दोन जमतील. पेपर वाचून दाखवा, नखं कापून द्या, पत्ते खेळा, भांडा सुद्धा. पहिल्या दोन-तीन वेळा ते बोलणार नाहीत, कारण एकदा येऊन परत न आलेले खूप जण त्यांनी बघितलेले असतात. जमणारच नसेल तर सुरुवातच करू नका, आणि गावाला जाणार असाल तर आधी सांगून जा.